कल्हई नसलेले तपेले

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या बिलोलीच्या घरी अंगणात भांड्यांचा बाजार भरे. माळ्यावरचे हंडे, कळश्या, पराती, चरव्या, वगराळी सगळी खाली येत. आई चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन बसे, आणि दुपार कलता कलता सारे अंगण पिवळ्या तेजाने भरून जाई. आम्हा पोरांकडे आडाचे पाणी शेंदण्याचे काम. त्या ढिगातले एक तपेले मात्र आई दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. ते दुधाचे तपेले. तिच्या लग्नात कंधारहून आंदण आलेले. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे माहेरचे नाव घातलेले आणि पुढे सन 1947. म्हणजे आम्ही अजून निजामाच्या राज्यात होतो तेव्हाचे.

मी आज जो इतिहास सांगणार आहे तो लहान मुलांच्या यकृताचा आणि त्या यकृताच्या पेशींत काय साठते हे शोधणाऱ्या डॉक्टरांचा आहे. पण तो मला या तपेल्यावाचून सांगता येत नाही.

दिवाळीपूर्वी गावात कल्हईवालाही येई. चिंचेखाली खड्डा करून भाता लावी, भांडे तापवून त्यात नवसागर टाकी, पांढरा धूर उसळे, आणि कथलाचा एक तुकडा कापसाच्या बोळ्याने फिरवताच आतून भांडे चांदीसारखे होई. कथील तेव्हाही स्वस्त नव्हते. म्हणून कोणत्या भांड्याला कल्हई करायची याचा हिशेब घरोघर ठरलेला असे. ताकाचे, आमटीचे, चिंच-गुळाचे भांडे आधी. कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो हे आमच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. कळकलेले ताक हिरवट दिसते, जिभेला लागते, पोटात मळमळते. दूध कुठे कळकते? दूध गोड. त्याचा रंग बदलत नाही, चव बदलत नाही. तेव्हा दुधाच्या तपेल्याला कल्हई राहिली काय, गेली काय, सारखेच. हा हिशेब चुकीचा होता; पण तो चुकीचा आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक व्हायला 1983 साल उजाडावे लागले.

माझा धाकटा भाऊ 1958 साली जन्मला. बाळंतपणानंतर आईला विषमज्वर झाला आणि तिचे दूध आटले. घरी म्हैस होती, म्हणून काळजीचे कारण नाही असेच सगळे म्हणाले. तिसऱ्या महिन्यापासून लेकरू वरच्या दुधावर वाढू लागले. सकाळी धारेचे दूध तपेल्यात तापे, चुलीच्या उबेला तसेच राही, दुपारी पुन्हा तापे, रात्री पुन्हा. साय जाड यावी म्हणून मंद आच. मूल गुटगुटीत झाले. वर्षाचे होता होता ते किरकिरे झाले, अंग तापू लागले, पोट पुढे आले. पोटावर उजव्या बरगडीखाली हात ठेवला की टणक कड लागे. पिंपळाच्या पानाची कड बोटाला लागावी तशी. गावचे वैद्य म्हणाले, यकृत वाढले. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, डाग द्या. डाग दिले. पांढऱ्या डोळ्यांत हळद उतरली, पोटात पाणी झाले. नांदेडला नेले तेव्हा उशीर झाला होता. 1960 च्या मे महिन्यात, महाराष्ट्र राज्य झाल्याची साखर गावात वाटली जात होती त्याच आठवड्यात, तो गेला.

घरात पुढे कितीतरी वर्षे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला: कुणाचे काय चुकले? आजीच्या मते दृष्ट. काकूंच्या मते आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. आई काही बोलत नसे. तिचे दूध आटले हेच तिच्या लेखी तिचे चुकणे होते.

आता वैद्यकाकडे येऊ. हा रोग आमच्या घरचा नव्हता. कलकत्त्याच्या सेन नावाच्या डॉक्टरांनी 1887 साली लहान मुलांच्या या यकृतरोगाचे वर्णन छापले, तिथून त्याचा लेखी इतिहास सुरू होतो. पुढे मद्रास, आंध्र, म्हैसूर, महाराष्ट्र, दिल्ली, सगळीकडून तसेच वृत्तान्त येऊ लागले. मूल सहा महिने ते तीन-चार वर्षांचे, यकृत दगडासारखे, एकदा कावीळ आणि जलोदर झाला की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अखेर. इंग्रजीतले त्याचे रूढ नाव ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’. एखाद्या रोगाला आपल्या देशाचे नाव मिळावे यात भूषण काही नाही. पण त्या नावात एक अगतिकता होती. कारण सापडत नाही, तेव्हा पत्ता लिहून ठेवला.

कारणे सुचवण्यात कुणी कसूर केली नाही. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडे जात, म्हणून आनुवंशिक म्हणावे. तर आईबापांचे यकृत धडधाकट. विषाणू म्हणावा, तर साथ येत नाही. कुपोषण म्हणावे, तर रोग नेमका खाऊनपिऊन सुखी घरांत; ज्यांच्या दारी दुभते जनावर आणि चुलीवर पितळ, अशा खेड्यांतल्या मध्यमवर्गीय हिंदू घरांत तो अधिक दिसे. बुरशी लागलेल्या भुईमुगातल्या विषावरही संशय घेतला गेला. जवळजवळ नव्वद वर्षे हे चालले. मला आज मागे वळून पाहताना नवल वाटते ते एवढ्याचेच की, डॉक्टरांनी मुलाचे रक्त पाहिले, बापाचे गोत्र विचारले, आईचा आहार विचारला. पण चुलीवर काय ठेवले आहे ते फार उशिरा पाहिले.

ते पाहिले गेले पुण्यात. रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित हे बालरोग विभाग सांभाळीत होते आणि त्यांच्याबरोबर डॉ. शीला भावे काम करीत होत्या. या रोगाची मुले आसपासच्या जिल्ह्यांतून तिथे येत. स्टुअर्ट टॅनर नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ या कामात त्यांचे सहकारी झाले. ते पुढे लेस्टरला आणि नंतर शेफील्डला होते. एका माणसाचे एका खोलीतले संशोधन असे हे नव्हतेच. पुण्यातल्या मुलांच्या यकृताचा सुईने काढलेला तांदळाएवढा तुकडा लंडनच्या यकृततज्ज्ञांकडे जाई, आणि त्यातला धातू मोजायला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेचे शास्त्रज्ञ लागत. ती संस्था गुराढोरांच्या पोषणाचा अभ्यास करणारी. मेंढीला तांबे फार लवकर बाधते, हे जनावरांच्या वैद्यकात जुनेच ज्ञान आहे. तेव्हा तांबे मोजण्याची हातोटी मेंढ्यांच्या अभ्यासकांकडे असावी हे बरोबरच झाले.

त्या तुकड्यात काय दिसे? इथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण सगळी मेख पेशीत आहे. निरोगी यकृताच्या पेशी एकमेकींना लागून ओळींनी उभ्या असतात. या मुलांच्या यकृतात पेशी फुगलेल्या, मेलेल्या. एकेका पेशीभोवती तंतूंचे जाळे विणलेले. आणि यकृत एरवी ज्या हिरिरीने नव्या पेशी घडवते ती हिरीर जवळजवळ नाहीशी. पुष्कळ पेशींच्या पोटात काचेसारखे चमकणारे गुंतवळ्यांचे पुंजके असत. मॅलरी या अमेरिकन रोगशास्त्रज्ञाने असे पुंजके 1911 साली दारुड्यांच्या यकृतात वर्णिले होते. जन्मात दुधावाचून काही न घेतलेल्या लेकराच्या यकृतात दारुड्याच्या यकृताची खूण! पाहणाऱ्यांना हे कोडे वर्षानुवर्षे छळीत होते.

कोड्याची पहिली गाठ एका रंगाने सुटली. ऑर्सीन नावाचा एक तपकिरी रंग आहे. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपासून तो मिळतो. 1978 साली लंडनच्या पोर्टमन आदींनी दाखवले की या मुलांच्या यकृतपेशींत ऑर्सीनने रंगणारे कण खच्चून भरलेले असतात. असे कण तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचे असू शकतात. मग तांबे प्रत्यक्ष मोजले. 1979 साली ‘लॅन्सेट’मध्ये टॅनर, पंडित आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममध्ये पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते. या मुलांच्या यकृतात ते शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी मोजावे लागले. त्याच वर्षी दिल्लीचे डॉ. एन. सी. नायक आणि न्यूयॉर्कचे पॉपर यांच्या गटानेही पेशीतल्या तांब्याकडे बोट दाखवले.

यकृतात तांबे साठण्याचा एक रोग आधीच माहीत होता. विल्सनने 1912 साली वर्णिलेला. पण तो जन्मजात दोष, सहसा पाच वर्षांनंतर दिसणारा, आणि त्यात रक्तातले तांबे वाहणारे प्रथिन कमी पडते. आमच्या मुलांत ते कमी नव्हते. म्हणजे बाहेर टाकण्याचे दार मुळातच बंद नसावे. आत येणाराच लोंढा मोठा असावा. कुठून?

इथे डॉ. पंडित आणि डॉ. भावे यांचे खरे काम सुरू होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तोच भाग सर्वांत मोलाचा. त्यांनी आयांना विचारले. रोगी मुलाची आई आणि तशाच वयाच्या दुसऱ्या मुलाची आई, अशा जोड्या लावून विचारले: वरचे दूध कधी सुरू केले? कशात तापवता? कशात ठेवता? भांड्याला कल्हई आहे का? हे प्रश्न विद्वत्तेचे नाहीत. ते कुठलीही सासू सुनेला विचारील. पण उत्तरे एका दिशेने येऊ लागली. रोगी मुलांना जनावराचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापत आणि राहत होते. 1983 साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये हे मत मांडले गेले, 1987 साली जोड्यांचा तपशील छापला गेला.

दुधाचे रसायन मग स्पष्ट झाले. मी शाळेत तीस वर्षे रसायन शिकवले, म्हणून याबद्दल थोडे अधिकाराने सांगतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थ तांब्याला विरघळवतो आणि ते डोळ्यांना, जिभेला कळते. दूध आंबट नाही; पण त्यातले केसीन हे प्रथिन तांब्याला पकडते आणि धरून ठेवते. तापवावे, तसेच ठेवावे, पुन्हा तापवावे. दर वेळी थोडे तांबे केसीनच्या मुठीत जाते. हिरवट झाक नाही, कळकट चव नाही. चोर घरात शिरला आणि कुत्रे भुंकले नाही. मोठ्या माणसाचे यकृत असे जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी. जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा असतो, कारण आईच्या दुधात तांबे बेताचे आणि निसर्गाने पहिल्या महिन्यांची शिदोरी बरोबर बांधून दिलेली. पित्ताची वाट अजून पुरती रुळलेली नसते. भरल्या कोठीत रोज पोती येऊन पडू लागली तर दुसरे काय होणार? पेशी ते तांबे प्रथिनांत गुंडाळते, आपल्या कचऱ्याच्या पिशव्यांत कोंबते, आणि एक दिवस फुगून मरते.

उपाय शोधणेही पुण्यातच चालले. विल्सनच्या रोगासाठी इंग्लंडच्या वॉल्शने 1956 साली आणलेले पेनिसिलामाइन हे औषध तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढते. ते या मुलांना देऊन पाहिले. 1987 साली त्याचे निष्कर्ष आले. कावीळ आणि जलोदर झाल्यावर आलेल्या मुलांना त्याचा उपयोग जवळजवळ झाला नाही. आधी आलेल्यांतली काही जगली. जगलेल्यांची यकृते पुढे पुन्हा तपासली तेव्हा 1995 च्या निबंधात नमूद झाले की तंतूंचे जाळे विरून यकृत पूर्ववत होऊ शकते. यकृत एकदा दगड झाले की दगडच, असे पाठ्यपुस्तके सांगत आली होती; त्या काळी ही साधी बातमी नव्हती.

पण मुले वाचली ती मुख्यतः औषधाने नाहीत. पितळेत दूध तापवू नका, आईचे दूध लवकर तोडू नका, एवढे सांगितले गेले. आणि नेमक्या त्याच सुमारास बाजारात स्टेनलेस स्टील आले. पुण्याच्या मंडळींनी 1992 साली लिहिले तोवर रोग झपाट्याने ओसरत होता. आज तरुण बालरोगतज्ज्ञाला तो पुस्तकातच भेटतो. यातले श्रेय डॉक्टरांना किती आणि पोलादाच्या कारखान्यांना किती, हा हिशेब मला नीट मांडता येत नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांचा धंदा स्टीलने खाल्ला. त्याच स्टीलने किती पाळणे राखले ते त्या कारागिरांना कुणी सांगितले असेल असे वाटत नाही.

आणि हा रोग ‘इंडियन’ तरी कुठे होता? ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात, डोंगरातल्या शेतकरी घरांत, 1900 ते 1974 या काळात 138 तान्ही मुले अशाच रोगाने गेल्याचे 1996 साली म्युलर आदींनी उजेडात आणले. तिथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यात शिजवून मुलांना देत. भांडी बदलली, रोग गेला. मात्र टिरोलचा अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो: तीच भांडी वापरणाऱ्या सगळ्या घरांत मुले दगावली नाहीत. काही कुळांच्या रक्तातच तांबे सोसण्याची ताकद कमी असावी. आमच्याकडेही तेच. मी त्याच तपेल्यातले दूध पिऊन वाढलो आणि पंचाहत्तरी पाहिली; पण मला ते दूध मिळू लागले दीड वर्षाचा झाल्यावर.

सगळ्यांना हे पटलेले नाही हेही सांगायला हवे. डॉ. नायक यांनीच मुंबईच्या डॉ. चितळे यांच्याबरोबर 2013 साली लिहिले की तांबे हे मूळ कारण नसून मागाहून साठणारे असावे. पितळेच्या भांड्यांवर सारा दोष टाकणे घाईचे आहे. आयुष्यभर त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या माणसाचे हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. तरी भांडी गेली आणि रोग गेला, आणि तेही दोन खंडांत, हे मला अधिक वजनदार वाटते. आई हयात असताना तो निबंध निघाला असता तर मात्र मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला असता, पटत नसतानाही.

डॉ. पंडितांचे नाव मला पुढे आणखी एका कामात दिसले: कमी वजनाची जन्मलेली मुले मोठी होताना त्यांच्या रक्तातल्या साखरेचे काय होते, या डॉ. याज्ञिक यांच्या 1995 च्या अभ्यासात. म्हणजे तान्हेपणी जे घडते त्याचा हिशेब शरीर पुढे चुकता करते, या एकाच धाग्यावर हा माणूस काम करीत राहिला.

मला हे सारे 1985 साली कळले. मी तेव्हा नांदेडला नोकरीस होतो. एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्याने बोलता बोलता पुण्याच्या शोधाची गोष्ट सांगितली, सहज, चहा पिता पिता. माझा चहा तसाच राहिला. पुढल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. बायको बाळंतपणानंतर बिलोलीस आली तेव्हा मी बरोबर स्टीलचे एक पातेले नेले.

आईने ते हातात घेऊन पाहिले. “हे कशाला रे? घरी तपेलं आहे की.”

“दवाखान्यात सांगितलं, माय. लेकराचं दूध पितळेत तापवायचं नाही म्हणून.”

“कशानं?”

मी काहीतरी पुटपुटलो. पण तिला अर्धवट उत्तर चालत नसे. आणि तीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला अर्धवट उत्तर देताही येत नाही. पितळेतले तांबे दुधात उतरते, लहान लेकराच्या यकृताला सोसत नाही, एवढे सांगून बसलो. ती चुलीपुढे बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग लाकूड पुढे सारून तिने विचारले, “कल्हई असती तर?”

उत्तर मला ठाऊक होते. कथलाचा पातळ थर मध्ये असता तर तांबे दुधाला लागलेच नसते. त्या वर्षी कल्हईवाल्याने ताकाचे भांडे आणि आमटीचे भांडे घेतले होते. तपेले आईनेच मागे ठेवले होते, चार आणे वाचवायला.

“कल्हईनं काय होतंय, माय,” मी म्हणालो. “ती तर आठवड्यात उडून जाते.”

तिने मान हलवली. त्या दिवाळीत भांडी काढली तेव्हा तपेले तिने इतर भांड्यांबरोबर सुनेच्या पुढे सरकवले, घासायला. 1998 साली ती गेली. तपेले माझ्याकडे आहे. त्यात आम्ही ज्वारी ठेवतो.